दंडावरचा पट्टा

फोन वाजला तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते आणि हे समोरच्या खुर्चीत पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. पडद्यावर माझ्या नणंदेचं नाव होतं, इंदुताई.

"हेमा, दिगूला नव्याण्णव पॉइंट तीन दाखवतंय," त्या म्हणाल्या. "उन्हात गेला होता का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. तोंडात पेन्सिल, एक पाय हलतोय. थोड्या वेळापूर्वी मी नको नको म्हणत असताना हे गच्चीवरचे कपडे काढायला गेले होते, ते मला माहीत होतं. पण अंग तापलंय हे काही मला माहीत नव्हतं. माणूस माझ्या हाताच्या अंतरावर, आणि त्याचं अंग तापल्याचं मला बार्शीहून कळत होतं.

"गच्चीवर गेले होते जरा," मी म्हणाले.

"एप्रिल आहे गं. सोलापूरचं ऊन. त्याला पाणी दे, मी थोड्या वेळानं परत बघते."

फोन ठेवला तर ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "ताई होती?" आणि गालातल्या गालात हसले. त्या हसण्यात कौतुक होतं. लहानपणी आईनं हाक मारल्यावर मुलगा हसतो तसलं. मी उठून पाणी आणून दिलं आणि शेंगांची टोपली उचलून स्वयंपाकघरात गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आदल्या वर्षी ह्यांची किडनी बदलली होती. दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी घरातलं कुणी देणारं आहे का विचारलं, तेव्हा पहिला हात मी वर केला होता. पण माझा रक्तगट बी आणि ह्यांचा ओ. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमची नाही चालणार. भाऊबहीण कुणी आहे?"

बहीण होती. ह्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हापासून इंदुताईंनीच धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, पाटबंधारे खात्यात चिकटवलं, आणि स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. बार्शीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्या नोकरीला होत्या. त्यांना विचारावंही लागलं नाही. रजा टाकून, पिशवी भरून त्या पुण्यात हजर झाल्या आणि तपासणीत सगळं जुळलं.

त्यांनी किडनी दिली आणि माझा नवरा वाचला. त्याबद्दल माझ्या मनात कधी दुसरा विचार आला नाही, हे आधी सांगते. पण त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं हे मला तेव्हा कळत नव्हतं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी इंदुताईंच्या पाया पडायचा. बहीण असावी तर अशी, असं माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा मला ऐकवलं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तर अख्खं नात्यागोत्यातलं माणूस लोटलं, ओवाळणीचे फोटो निघाले, आणि मी आत पुऱ्या तळत होते. डायलिसिसच्या दिवसांत रात्रंदिवस ह्यांच्या उशाशी कोण होतं, पाण्याचा घोट घोट मोजून कोण देत होतं, हे कुणी विचारलं नाही. विचारावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. फक्त ह्यांनी विसरू नये, एवढंच वाटायचं.

हे बोलता बोलता "आमची किडनी" म्हणायचे. आमची म्हणजे त्यांची आणि ताईंची.

महिनाभर आमच्याकडे राहून इंदुताई बार्शीला परतल्या आणि थोड्याच दिवसांत पट्टा आला. नवी किडनी अंगानं झिडकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते. साधा ताप आला तरी तो घरगुती राहत नाही, लगेच पुण्याला कळवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इंदुताईंनी कुठे तरी वाचलं आणि तो पट्टा मागवला. दंडाला बांधायचा, मनगटी घड्याळाच्या पट्ट्याएवढा, आतून एक गुळगुळीत चकती. ती अंगाची उष्णता मोजायची, वायर नाही की काही नाही, ह्यांच्या खिशातल्या फोनला कळवायची, आणि तिथून तो आकडा इंटरनेटवरून सरळ इंदुताईंच्या फोनवर. सगळं त्यांनीच जोडलं होतं, त्यांच्याच नावावर. हे स्वतः ते कधी उघडून बघत नसत. आपला ताप आपण काय बघत बसायचा, म्हणायचे. आणि माझ्या फोनवर ते असावं असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

त्यामुळे झालं काय, की माझ्या घरात काय चाललंय ते मला बार्शीहून कळू लागलं. ह्यांनी गरम पाण्यानं अंघोळ केली की फोन. पट्टा काढून ठेवला की फोन, का काढला म्हणून. सकाळी उठून मी ह्यांच्या कपाळाला हात लावायची सवय ठेवली होती, तर हे म्हणायचे, "राहू दे गं, ताईनं बघितलं असेल."

मी हात मागे घ्यायची.

एका रविवारची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती, कूलर चालू होता, खिडकीला वाळ्याचा पडदा भिजवून सोडला होता. मुलगी पुण्याला शिकायला, घरात दोघंच. ऑपरेशननंतर कितीतरी महिने मी ह्यांच्याजवळ जायला घाबरायची. टाके, जंतू, मास्क, हात धुवा, अंतर ठेवा. त्या दुपारी कशी कोण जाणे ती भीती गेली. मी ह्यांच्या दंडावर गाल ठेवून पडले. हे माझ्या केसांवरून हात फिरवत होते. दोघंही काही बोलत नव्हतो. डोळा लागणार, तेवढ्यात फोन.

"हेमा, आकडा एकदम वर गेलाय. पट्टा कशाखाली दबला नाही ना, बघ बरं."

माझ्या गालाखाली दबला होता.

मी ताडकन उठून बसले. लाजेनं माझा चेहरा भाजून निघाला. हे आधी काही समजले नाहीत, आणि समजल्यावर पोट धरून हसायला लागले. टाक्यांच्या जागी हात दाबून हसत होते. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

चहाच्या वेळी मी विषय काढला. आकडे माझ्या फोनवर आले पाहिजेत, इंदुताईंच्या नव्हे.

"तिला वाईट वाटेल," हे म्हणाले.

"आणि मला काय वाटतं?"

"अगं, तिनं एवढं दिलंय. तिला काळजी वाटणारच."

"दिलंय ना? मग आता ते तुमचं आहे. देऊन झाल्यावर मागून हिशेब ठेवायचा असतो का कुणी?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मी एवढं कधी बोलले नव्हते. पण तोंडातून सुटलं ते सुटलं, आणि खरं सांगायचं तर बोलून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मीच इंदुताईंना फोन लावला. नीट, गोड आवाजात म्हणाले की तुम्हाला नोकरी आहे, उगाच त्रास, मीच बघत जाईन, मला ते जोडून द्या. त्या म्हणाल्या की आता नको, पुढच्या रविवारी मी तिकडे येते तेव्हा करून देते. मी म्हटलं, त्यात काय एवढं, पासवर्ड सांगा. तर त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नको गं, रविवारी. मला त्यात जरा काही नीट करायचंय." आणि फोन ठेवला.

काय नीट करायचं असतं त्यात? सोडवत नाही, हेच खरं, असं मी ह्यांना सुनावलं. हे कंटाळून म्हणाले, "पासवर्ड मलाही ठाऊक आहे. माझीच जन्मतारीख आहे. घे, टाक आणि गप्प बस."

मी तिथल्या तिथे फोनवर ते ॲप घेतलं, तारीख टाकली. चक्र फिरलं आणि पडद्यावर ठळक आकडा उमटला. एकशे एक पॉइंट आठ.

हे तोवर आरशासमोर दाढी करायला उभे होते, गालाला फेस. मी धावत जाऊन त्यांच्या गळ्याला हात लावला. गार. कपाळ गार. कपाटातला जुना काचेचा थर्मामीटर काढून जिभेखाली दिला, तो साडेसत्त्याण्णवच्या वर जाईना. ह्यांनी फेस पुसून फोन माझ्या हातातून घेतला, अंगठ्यानं पडदा वर सरकवला.

तिथे दोन चौकोन होते. खालच्या चौकोनात लिहिलं होतं "दिगू", आणि आकडा बरोबर होता. वरच्या चौकोनात लिहिलं होतं "मी".

"मी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"ताई," हे म्हणाले.

पट्टे दोन होते. एक ह्यांच्या दंडाला आणि दुसरा त्यांच्या स्वतःच्या. आम्हाला पत्ताच नव्हता. ह्यांनी त्या चौकोनावर बोट दाबलं तर मागच्या दिवसांची रेघ उघडली. रोज दुपारनंतर चढलेली, पहाटे उतरलेली, पुन्हा चढलेली. आम्ही इथे चहा घेत भांडत होतो तेव्हाही चढलेलीच होती. मी गोड आवाजात पासवर्ड मागत होते तेव्हाही.

फोन लावला तर उचलेनात. पुन्हा लावल्यावर उचलला. आवाज खोल गेला होता. जरा कणकण आहे, गोळी घेतलीय, उतरेल, म्हणाल्या. थंडी वाजतेय का, लघवीला जळजळतंय का, असं मी विचारलं. एका किडनीवर जगणाऱ्या माणसाला काय विचारायचं ते इतक्या दवाखान्यांत बसून मला पाठ झालं होतं. त्या म्हणाल्या, "दिगूला सांगू नकोस. तो धावत येईल."

दिगू माझ्या शेजारीच उभा होता आणि अर्धवट दाढीनिशी शर्ट चढवत होता.

"तुम्ही नाही जायचं," मी म्हणाले.

"माझी बहीण आहे ती."

"म्हणूनच. त्यांचा ताप तुम्हाला लागला तर त्यांनी दिलेलं घालवून बसाल. मी जाते."

ते शर्टाची बटणं तशीच सोडून पलंगावर बसले. मी शेजारच्या गाडीवाल्याला बोलावून निघाले.

बार्शीच्या वाटेवर वैराग गाव येईपर्यंत माझ्या मनात काय होतं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, तरी सांगते. मला त्यांची दया येत नव्हती. मला दिसत होतं की आता त्या आजारी पडणार, आणि सगळं जग म्हणणार की भावाला किडनी दिली म्हणून हे झालं, आणि ह्यांच्या मनात त्या आणखी वर चढून बसणार, इतक्या वर की मला मान वर करूनही दिसणार नाहीत. हेच घोकत मी गेले. दोन्ही बाजूंना कापणी झालेली ज्वारीची रानं पडली होती, वारा तापलेला होता, आणि मी ड्रायव्हरला अजून जोरात घ्या, अजून जोरात घ्या म्हणत होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. इंदुताई कॉटवर भिंतीकडे तोंड करून, एप्रिलच्या उकाड्यात अंगावर दोन चादरी घेऊन कुडकुडत होत्या. चादरीबाहेर आलेल्या दंडावर तसलाच पट्टा. हातात फोन. मी वाकून पाहिलं तर पडद्यावर त्यांचा आकडा नव्हता, ह्यांचा होता.

मला बघून त्या म्हणाल्या, "त्याला एकट्याला कशाला सोडून आलीस?"

मी त्यांची पिशवी भरली, त्यांना धरून गाडीत बसवलं आणि तशीच सोलापूरला परत फिरले. सगळी वाट त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इतकी वर्षं त्या माझ्या नणंद, पण त्यांच्या डोक्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला. केस घामानं चिकटले होते.

दवाखान्यात तपासणी झाली. लघवीच्या वाटेनं आत शिरलेला संसर्ग किडनीपर्यंत चढला होता. "एकच आहे, माहीत आहे ना तुम्हाला?" डॉक्टर माझ्यावरच रागावले. "अंगावर काढायचं असतं का हे? आणखी उशीर केला असता तर बहिणीलाच डायलिसिसवर ठेवायची पाळी आली असती." सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. मी तिथेच राहिले. ह्यांना मी आणि डॉक्टर दोघांनीही दवाखान्याच्या पायरीलासुद्धा यायचं नाही असं बजावलं होतं.

मग ह्यांचे फोन सुरू झाले. त्यांनी स्वतःच्या फोनवर ते सगळं घेतलं होतं.

"ताईला शंभर पॉइंट चार दिसतंय. नर्सला सांगितलंस का?"

"मी त्यांच्या शेजारीच बसलेय," मी म्हणाले.

"हो, पण आकडा वर चाललाय. तू बघतेयस ना?"

"बघतेय."

फोन ठेवला तर इंदुताई उशीवरून माझ्याकडेच बघत होत्या. ओठ सुकले होते, पण डोळ्यांत हसू होतं.

"जीव नकोसा होतो ना असल्या फोनांनी?" त्या म्हणाल्या.

मी चमच्यानं त्यांना पाणी पाजलं.

संध्याकाळी ताप जरा उतरल्यावर मी विचारलं की का लपवलंत. त्यांनी सरळ सांगितलं. दिगूला कळलं असतं तर त्याच्या मनानं घेतलं असतं की आपल्यामुळे झालं, आणि मग तो त्या किडनीबरोबर सुखानं जगला नसता. रविवारी येऊन स्वतःचा चौकोन पुसून टाकायचा आणि मग पासवर्ड माझ्या हवाली करायचा, एवढंच त्यांना नीट करायचं होतं.

"आणि ह्यांचा आकडा इतका का बघत बसायचात?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

त्या छताकडे बघत हळू आवाजात बोलायला लागल्या. पुण्याला ऑपरेशन झालं तेव्हा दोघांना जवळजवळच्या खोल्यांत ठेवलं होतं. मधलं दार उघडं होतं. त्या आधी शुद्धीवर आल्या होत्या आणि भाऊ कधी शुद्धीवर येतो याची वाट बघत कान लावून पडल्या होत्या.

"आला शुद्धीवर. पहिला शब्द बोलला तो हेमा. दुसऱ्यांदाही हेमाच. मी पलीकडे होते. रागावू नकोस. मला वाटलं होतं, आता तरी तो थोडा माझा होईल. तुझं लग्न होऊन तू आलीस तेव्हापासून वाटत होतं. मग कळलं, तसं होत नसतं. तुला तो दिवसभर दिसतो. मला आकडा येतो. तेवढाच येतो."

मला ह्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःला आठवतही नसेल. ज्या बाईनं माझं सगळं नेलं म्हणून मी वर्षभर जळत होते, ती पलीकडच्या खोलीत पडून माझं नाव ऐकत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातली आया सांगत आली की खाली आवारात एक गृहस्थ मास्क लावून मघापासून उभे आहेत, आत येत नाहीत आणि जातही नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. कडुनिंबाखाली हे उभे होते, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली.

"आला ना?" इंदुताईंनी विचारलं. "मला उठव. खिडकीशी बसव. आणि तू खाली जा. ऊन आहे, त्याला घरी पाठव."

मी त्यांना धरून खिडकीशी बसवलं, सलाईनची बाटली त्यांच्याजवळ सरकवली आणि जिना उतरले.

मी जवळ पोचायच्या आत ह्यांनी विचारलं, "ताई कशी आहे?" मी कशी आहे, जेवले का, झोपले का, काही नाही. माझ्या छातीत ती नेहमीची कळ उठली. इतकं सगळं ऐकल्यावरही उठलीच. मी म्हणाले, "बऱ्या आहेत. त्या बघा, खिडकीत बसल्यात."

ह्यांनी वर पाहिलं आणि मास्क खाली ओढून हसले. दोन्ही हात वर केले. वर गजांच्या मागे इंदुताईंचा मोकळा हात हलला. मी ह्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. वरून आम्ही दोघं कसे दिसत असू ते मला अगदी स्वच्छ कळलं.

मी ह्यांच्या हातातली बाटली घेतली आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं झाडाच्या पलीकडे सरकले, म्हणजे वरून ते एकटेच दिसावेत.